धूर दिलेली तंगडी

पश्चिम जर्मनीला पाठवायला आमच्या कापड मिलनं माझी निवड केली, तेव्हा सोलापुरात माझ्याइतका हुशार इंजिनिअर दुसरा नसावा अशी माझी समजूत झाली. खरं कारण पुढे कळलं. मिलनं तिकडच्या एका कारखान्यातून नवे माग मागवले होते आणि ते चालवायला, दुरुस्त करायला शिकून येण्यासाठी दोन माणसं पाठवायची होती. आधी ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या एकाच्या घरी लग्न निघालं होतं आणि दुसऱ्याला थंडीत दमा उठायचा. मी बिनलग्नाचा आणि बिनदम्याचा. शिवाय संध्याकाळच्या वर्गात मी जर्मन शिकत होतो. धोटा, फणी, ताणा, बाणा, मागावरच्या या सगळ्यांना जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला घडाघडा येत होतं. खाण्यापिण्याचा धडा पुस्तकात अगदी शेवटी होता आणि आमचा वर्ग तिथवर पोचलाच नव्हता.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. परदेशी जाणाऱ्या माणसाकडे ओव्हरकोट पाहिजे असं सगळ्यांनी सांगितलं म्हणून मी नवी पेठ पालथी घातली. ओव्हरकोट ठेवणारं एकच दुकान सापडलं आणि त्या दुकानात एकच ओव्हरकोट होता. "आत स्वेटर घातला की बसतो बघा," दुकानदार म्हणाला. आत आणखी एक माणूस घातला असता तरी बसला असता. पण आरशात मी मला मोठ्या कंपनीचा डायरेक्टर दिसलो आणि कोट घेऊन टाकला.

माझ्याबरोबर होते मिलचे जुने जॉबर. जॉबर म्हणजे खात्यातल्या मागांवर आणि विणकरांवर देखरेख करणारा माणूस. हे मूळचे दुधनीचे. घरात कन्नड, बाहेर मराठी, गळ्यात लिंग, आणि शेजारच्या ताटात अंडं दिसलं तरी पान सोडून उठणारे. वयानं माझ्या वडिलांएवढे. सगळी मिल त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणायचो. ते मात्र मला साहेब म्हणत. ते ऐकायला मला फार बरं वाटे.

कारखाना एका लहानशा गावात होता आणि आम्हाला त्याच्याच वसतिगृहात एक खोली दिली होती. जेवायला रोज उकडलेले बटाटे. आलटून पालटून कोबी. अण्णांनी पहिल्याच आठवड्यात दूध, पाव आणि सफरचंदांवर बैठक मारली आणि कुरकूर बंद केली. मी रोज नव्यानं कुरकूर करत होतो.

एका शनिवारी सुटी होती म्हणून मी ओव्हरकोट घालून फिरायला निघालो. गावाच्या कडेला एक घर होतं, त्याच्यामागे विटांची उंच, अरुंद खोली. तिच्या कौलांखालून, दाराच्या फटीतून धूर येत होता. आसपास कुणी नाही.

आता कापसाच्या मिलमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला धूर दिसला की काय होतं ते बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्याकडे आधी पाणी, मग चौकशी. त्यातून मी आमच्या खात्याच्या आग विझवणाऱ्या पथकाचा प्रमुख. प्रत्यक्ष आग मी कधी विझवली नव्हती, पण दर महिन्याला कवायत मात्र उत्तम घेत असे. अखेर माझी वेळ आली होती, तीही परदेशात. "आग! आग!" असं मी जर्मनमध्ये ओरडलो, पन्हळीखालच्या पिंपातली बादली भरली, दाराचा अडसर काढला आणि बादली आत रिकामी केली. मग दुसरी. तिसरी घेऊन मी आतच शिरलो. धूर, वाफ, डोळ्यांतून पाणी. वरून टांगलेलं काहीतरी काळं, जड, माझ्या कपाळावर आदळलं आणि मी बादलीसकट खाली बसलो.

बाहेर येऊन पाहतो तर दारात एक बाई उभी. साठीची, माझ्यापेक्षा टीचभर उंच, हातात बटाटे सोलायची सुरी.

इथे एक सांगितलं पाहिजे. त्या बाईची बोली आणि माझं पुस्तकातलं जर्मन यांच्यात, माझ्या मामांच्या केम गावचा आठवडी बाजार आणि पुण्याचं शुद्धलेखन यांच्यात असावं तेवढं अंतर होतं. आज इतक्या वर्षांनी तिचं बोलणं मला आठवतं तेच मुळी आपल्याकडच्या बोलीत. म्हणून तसंच लिहितो.

"कुटं लागली आग?" ती म्हणाली.

"इथे! धूर!" मी दाखवलं.

"धूर दिसला म्हंजी आग लागली व्हय रं? धुरासाटीच बांदलंय की ते!"

तिनं मला मानगुटीला धरून पुन्हा आत नेलं. ओव्हरकोट एवढा ढगळ होता की तिच्या हाती नुसती कॉलर आली आणि मी कोटाच्या आत मागून चालत गेलो. वर आडव्या बांबूंसारख्या काठ्या होत्या आणि त्यांना आकड्यांवर मांसाचे मोठमोठे तुकडे, मासे, अख्खे पक्षी टांगलेले होते. खाली लाकडाचा भुसा धुमसत असतो, जाळ करायचा नसतो. त्या नुसत्या धुरावर मांस दिवसचे दिवस लटकत ठेवायचं, की ते महिनोन्‌महिने टिकतं. हे सगळं मला कळलं तेव्हा माझ्या पायाखाली त्या भुशाचा चिखल झाला होता.

"आता पेटव," ती म्हणाली.

उरलेला दिवस मी ओला भुसा खोऱ्यानं बाहेर काढण्यात, कोरडा आणून घालण्यात आणि गुडघ्यांवर बसून फुंकर मारण्यात घालवला. एकदा धूर नीट धरला तेव्हा ती घरात जाऊन एका फळीवर मांसाचे पातळ काप घेऊन आली. "खा. दमलास."

"कुठल्या जनावराचं?" मी विचारलं. तिनं पलीकडच्या खुराड्याकडे बोट केलं. तिथं दोन गुलाबी डुकरं माझ्याकडे पाहत होती. आमच्या घरी मटण-कोंबडी चालते, पण डुक्कर म्हटलं की मला आमच्या गल्लीचं गटारच डोळ्यांपुढे येतं. मी मान हलवली. ती न रागावता पुन्हा आत गेली आणि दुसरंच काहीतरी घेऊन आली. त्याचं नाव मी खिशातल्या शब्दकोशात पाहिलं. अर्थ निघाला हंस. म्हणजे सरस्वतीचं वाहन! तिची माझ्यावर आधीच बेताची कृपा होती. पण बाई समोर उभी होती आणि सुरी अजून तिच्या हातात होती.

पहिला घास मला मुळीच आवडला नाही. धुराडं चाटल्यासारखं वाटलं. वर मीठ इतकं, की जीभ आखडली. मी "फार छान" म्हणालो, थोडं विकत घेतलं आणि पळालो.

पुढच्या आठवड्यात कोबीवर कोबी झाला, तेव्हा कपाटातल्या त्या पुडक्याची आठवण झाली. एक काप पावावर ठेवून खाल्ला. मग दुसरा. संपल्यावर पुडक्याचा कागद मी हुंगत बसलो होतो. शनिवारी पुन्हा त्या बाईच्या दारात उभा.

"आलास व्हय? बादली कुटंय तुजी?" असं ती दर वेळी विचारायची आणि दर वेळी स्वतःच हसायची. तिचा नवरा वारला होता आणि हे सगळं ती एकटीच बघत होती. मी हंस घेई, कधी तिच्या ओढ्यातले धूर दिलेले मासे घेई. पाहता पाहता मी तज्ज्ञ झालो. मांसाला नाक लावून डोळे मिटायचे, मान डोलवायची, "या आठवड्यात धूर जरा कोवळा लागला" असं काहीतरी म्हणायचं. कोवळा धूर म्हणजे काय ते मला आजही सांगता येणार नाही.

हे सगळं ऐकायला खोलीत अण्णा एकटेच होते. खिडकीच्या कडीला मी हंस टांगत असे आणि अण्णांची पूजा त्याच खिडकीसमोर. बरेच दिवस ते काही बोलले नाहीत. एका सकाळी मात्र पूजा आटोपून माझ्यासमोर येऊन बसले.

"सायेब, एक बोलू का?"

"बोला ना अण्णा."

"डोळं झाकलं की मला लिंग दिसाया पायजे. तर ह्यो लोंबता पक्षी दिसतुया. तुमचं खानं तुमी खावा, पन ती बाई कोन हाय तिला मला एकदा भेटू द्या."

"कशाला?"

"मी समजावून सांगतो की तिला. म्हणावं, आमच्या सायबाला इकत जाऊ नको."

मी त्यांना परोपरीनं अडवलं. ते मानले नाहीत. शनिवारी आम्ही दोघं गेलो. अण्णा धोतरावर कोट, कानाला मफलर, कपाळावर भस्माचे पट्टे. बाईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि बाकावर बसायला जागा दिली. मी दुभाषी म्हणून मध्ये उभा राहिलो. पण अण्णांनी माझी वाट पाहिलीच नाही. अर्धं मराठी, अर्धं कन्नड आणि हातवारे असं त्यांचं भाषण सुरू झालं. मांस दाखवून कानाला हात लावला, माझ्याकडे बोट केलं, कपाळाला हात लावला. बाईला ते सगळं समजलं असावं, कारण ती आत गेली आणि हातात चीजचा एक तांबूस गोळा घेऊन आली. तोही धुरातलाच.

"ह्यात जीव न्हाय," ती म्हणाली. "दूद हाय नुसतं."

मी भाषांतर केलं. अण्णांनी चीज आधी कपाळाला लावलं, मग तोंडात टाकलं. बराच वेळ चघळत राहिले.

"सायेब," शेवटी म्हणाले, "चुलीवरच्या दुदाला धूर लागतो न्हवं? तसलं लागतंय. माजी आई अशी सायीचं दूद आटवायची."

त्या दिवसापासून शनिवारी मला उठवायचं काम अण्णांनी घेतलं. मला उशीर झाला तर ते एकटेच पुढे जात. मी पोचेपर्यंत दोघं बाकावर बसून आपापल्या भाषेत गप्पा मारत असायचे. माझी व्याकरणशुद्ध वाक्यं ऐकली की बाई अण्णांकडे पाहून विचारायची, "ह्यो काय म्हंतोय?"

परत निघायची वेळ आली तशी मला एक कल्पना सुचली. सोलापुरात जाऊन आपण नुसतं जर्मनीचं वर्णन करणार, त्यात काय मोठं? लोकांना जर्मनी चाखवली पाहिजे. कारखान्यातल्या एका तुर्की कामगाराला मध्ये घालून मी मेंढीची अख्खी मागची तंगडी मिळवली आणि बाईपुढे ठेवली.

"मेंढरू?" तिनं नाक मुरडलं. "ह्याला धूर देत न्हाईत रं. वास मारतंय."

"आमच्या देशात हेच खातात."

"तुमच्या देशात आग बी इजवत्यात," ती म्हणाली. पण तंगडी घेतली. आधी ती मिठात मुरवली, मग धुरावर लटकवली, आणि निघायच्या आदल्या दिवशी कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. बाहेरून काळीभोर, चकचकीत, आबनुसाच्या लाकडासारखी. "पातळ काप. पार पातळ, पलीकडलं दिसाया पायजे. आन शिजवू नको, न्हायतर मातीत जाईल," एवढं बजावलं. अण्णांना तिनं चीजचा एक गोळा तसाच भेट दिला. मला भेट म्हणून काही दिलं नाही. फक्त म्हणाली, "नीट जा. धूर दिसला तर इचार आदी."

सोलापुरात उतरलो तेव्हा ऊन नुसतं पेटलं होतं. विमानतळावर, रेल्वेत मी ओव्हरकोट हातावर टाकून मिरवत होतो. तंगडी ट्रंकेत होती आणि ट्रंकेतले माझे सगळे कपडे धूर दिलेले झाले होते. आईनं मला जवळ घेतलं, हुंगलं आणि म्हणाली, "लई बिड्या ओडत हुतास काय रं तितं?"

आठवडाभर मी ती तंगडी माजघरात खुंटीला टांगून येणाऱ्याजाणाऱ्याला व्याख्यानं दिली. रविवारी जेवायला आमच्या खात्याच्या विव्हिंग मास्तरांना बोलावलं, केमहून मामांना बोलावलं. अण्णांनाही बोलावलं, ताकभाताची वेगळी सोय करून. "मसाला नाही, शिजवणं नाही," मी मास्तरांना सांगितलं. "नुसता काप जिभेवर ठेवायचा आणि गप्प बसायचं. तिकडे असंच असतं." मास्तर वरिष्ठ असूनही आदरानं ऐकत होते. ते पाहून मला आणखी जोर चढला.

रविवारी सकाळी मला जाणवलं की एवढ्या पातळ कापांना घरातली विळी चालायची नाही. धारदार सुरी आणि ताजे पाव आणायला मी बाजारात गेलो. सुरी नीट पारखून घेतली, दुकानदारालाही थोडं व्याख्यान दिलं, आणि घरी आलो.

खुंटी रिकामी होती. मोरीत काथ्या, चुलीतली राख आणि काळं पाणी. आई चुलीपुढे बसली होती आणि चुलीवर घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं रटरटत होतं. काळ्या तिखटाचा वास दारापर्यंत आला होता.

"आई, तंगडी?"

"घातली की शिजाया."

"शिजायला? अगं, ती शिजवायची नसते! मी आठवडाभर काय सांगतोय?"

"मला ठावं हाय तू काय सांगतुयास," आई शांतपणे म्हणाली. "मी आपलं जवळनं बगितलं. सगळी करपली हुती रं. बोटबोट काजळी. घासून घासून माजं हात गेलं. सात पाणी बदललं तवा कुटं मटणाचा रंग दिसला." मग तिनं आवाज खाली आणला. "ती बाई चांगली असंल, मी न्हाय म्हनत न्हाय. पन हात न्हाय तिचा सैपाकाला. जाळलं तिनं, आन तुला भोळ्याला म्हनली, असंच असतंय. तू बी आनलंस येवड्या लांबनं. आता चार लोकांत तुजं हसं हुईल म्हनून केलं मी."

मी हातातली सुरी खाली ठेवली.

पाहुणे आले. मास्तर हात धुऊन ताटावर बसले आणि जिभेवर ठेवायच्या कापाची वाट पाहू लागले. त्यांच्यापुढे आली कडक भाकरी आणि वाटीभर काळसर लाल रस्सा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं. मामांना व्याख्यान ठाऊक नव्हतं, त्यांनी भाकरी चुरून रस्सा ओतला आणि पहिला घास घेतला.

"अक्का," मामा म्हणाले. दुसरा घास घेतला. "अक्का, ह्ये मटन कुटलं?"

"जर्मनीचं," आई म्हणाली.

"लई भारी! शेतात तीन दगडांवर केल्यावानी वास येतुया. आतपातूर मुरलाय की धूर."

खरंच मुरला होता. काथ्यानं वरची काजळी गेली होती, पण आतलं सगळं तसंच होतं आणि आता ते रश्श्यात उतरलं होतं. मीठ इतकं होतं की आईला पाणी वाढवावं लागलं होतं, पाण्यासाठी मसाला, मसाल्यासाठी बटाटे. त्यामुळे एका तंगडीत पंगत उठेल एवढा रस्सा झाला होता. मास्तरांनी तीनदा मागून घेतला. घाम पुसत म्हणाले, "अहो, म्हणजे जर्मन लोक आपल्यासारखंच खातात की! तुम्ही उगाच घाबरवलंत."

"हो," मी म्हणालो.

"आणि गप्प बसायचं असतं म्हणालात, तेही बरोबर. बोलायला सुचतच नाही."

कोपऱ्यात अण्णा पंगतीकडे पाठ करून ताकभात खात होते. त्यांनी आपला चीजचा गोळा डब्यातून आणला होता आणि विळीवर त्याचे इतके पातळ काप केले होते, की पलीकडचं दिसावं. बोटाच्या टोकावर घेऊन ते एकेक काप जिभेवर ठेवत होते, डोळे मिटून. मास्तरांनी विचारलं, "अण्णा, ते काय?" अण्णा म्हणाले, "परसाद हाय." आणि डबा झाकून मांडीखाली सरकवला.

मी चार भाकऱ्या खाल्ल्या. राग आलेला असतानाही माणूस चार भाकऱ्या खाऊ शकतो.

पाहुणे गेल्यावर आई खरकटी आवरून माझ्याजवळ येऊन बसली. पातेल्यात तळाला थोडा रस्सा उरला होता, तो तिनं स्वतःच्या ताटात घेतला. खाता खाता म्हणाली, "एकलीच असती व्हय रं ती?"

"एकटीच. नवरा गेला. डुकरं, हंस, सगळं तीच बघते. लाकूड तीच फोडते."

"लेकरं?"

"कधी बोलली नाही. मी विचारलं नाही."

"इतके महिने गेलास, आन येवडं इचारलं न्हाईस?" आईनं विचारलं. आठवड्यामागून आठवडे मी त्या बाकाशेजारी उभा राहून धुराविषयी बोललो होतो.

"अण्णाला ठावं असंल," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खात्यात मी अण्णांना विचारलं. त्यांनी मागावरची नजर काढली नाही.

"एक लेक हाय तिला. लांब शेहरात दिलीया. वरसातनं एकदा येती." मग एक तुटलेला धागा जोडून म्हणाले, "तिनंच सांगितलं. कसं सांगितलं ते मला इचारू नका सायेब, मला बी ठावं न्हाय."

संध्याकाळी घरी येऊन मी ते आईला सांगितलं. तिनं "हं" म्हटलं, आणि मोरीतला काथ्या उन्हात वाळत घातला होता तो उचलून आत आणला. अजून काळाच होता.